गाडीतला चष्मा

गच्चीवरच्या खोलीतून कूलर खाली आणला, त्याच्या ताट्यांमध्ये नवी खस भरली आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या गवताचा एक वास घरभर पसरतो. आमच्या नागपुरात उन्हाळा असा नाकातून सुरू होतो. बाहेरगावच्या माणसांना आमच्या उन्हाळ्याची कीव येते. फोनवर विचारतात, कसं राहता हो तुम्ही लोक? मला मात्र तो वास आला की अंगात काहीतरी सळसळू लागतं. पहाटे उठावंसं वाटतं. कुठेतरी लांब जावंसं वाटतं. याचं कारण एकच, ज्या उन्हाळ्यात आई गाडी चालवायला शिकली, त्या उन्हाळ्यानं माझ्यात मुक्काम ठोकला आहे आणि दरवर्षी खसच्या वासाबरोबर तो जागा होतो.

यंदा तो जागा झाला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. पुण्याहून बदलून आलेल्या एक बाई दुपारच्या धुळीतून आत आल्या. चष्म्यावर पिवळसर थर बसलेला. त्यांनी सवयीनं ओढणीचं टोक उचललं आणि काचेला लावणार, तोच मी त्यांचा हात धरला. त्या दचकल्या. मी त्यांना तसंच बेसिनपाशी घेऊन गेले, चष्मा नळाच्या धारेखाली धरायला लावला, धूळ वाहून जाऊ दिली, साबणाचा एक थेंब बोटानं फिरवला आणि मगच मऊ फडकं हातात दिलं. त्या हसत म्हणाल्या, तुमच्याकडे चष्म्याचंही सोवळं असतं की काय? मी म्हटलं, असतं, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. तेवढ्यात घंटा झाली आणि गोष्ट राहिली. ती ही.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर आम्ही तिथली कॉलनी सोडून नागपुरात घर केलं आणि बाबांनी एक जुनी लाल गाडी घेतली. घेतली खरी, पण चालवण्यापेक्षा पुसण्याची हौस त्यांना जास्त. रस्त्यावर काढायची म्हटली की आदल्या दिवसापासून त्यांना काळजी लागायची. आईची मोठी बहीण, कमलमावशी, सावनेरच्या पुढे एका खेड्यात राहते. तिथं त्यांची संत्र्याची बाग आहे. आईला तिच्याकडे जायचं असलं की आधी बाबांचा मूड पाहावा लागायचा, नाही तर एसटीनं, मग ऑटोनं, मग उन्हातून पायी. एका रात्री ताटावर बसल्या बसल्या आईनं जाहीर केलं की गाडी ती स्वतः शिकणार. तेव्हा ती साठीला टेकली होती. बाबांनी घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे वरणात भात कालवत राहिली. मला कॉलेजची सुट्टी लागणारच होती. शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

शिकाऊ लायसन्सच्या आधी डोळे तपासून घेतले, तर लांबचा नंबर जरासा बदललेला निघाला. आईचा जुना चष्मा खऱ्या काचेचा, जाड, नाकावर दोन लाल खड्डे पाडणारा. महालातल्या एका गल्लीत आमचं नेहमीचं चष्म्याचं दुकान आहे. तिथं तिला नवा चष्मा मिळाला, फायबरचा. आपल्याकडे गंमत अशी की भिंग प्लास्टिकचं असलं तरी आपण त्याला काचच म्हणतो, फायबरची काच. तिरपी धरली की तिच्यावर हिरवट झाक दिसायची, कारण वरून कसलंसं कोटिंग होतं, समोरच्या दिव्यांची तिरीप कमी करणारं. आईनं तो घातला आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. नाकावर काही आहे असं वाटतच नाही, म्हणाली, इतका हलका. मग समोरच्या पाट्या वाचू लागली. भांड्याचं दुकान, शिलाई मशीन दुरुस्ती, वर पहिल्या मजल्यावर शिकवणीची पाटी. आणि मग पलीकडच्या छपराकडे बोट करून म्हणाली, त्या कबुतराच्या पायाला दोरा अडकला आहे. मी पाहिलं. खरंच होता, मांज्याचा, बारीक.

हा चष्मा गाडीचा, असं तिनं त्याच दिवशी ठरवलं. घरात तेल, पीठ, वाफ, तिथं जुनाच बरा. गाडीचा चष्मा गाडीतच राहील, म्हणजे विसरायलाही नको. समोरच्या मोठ्या काचेखाली, डॅशबोर्डवर, त्याला तिनं जागा नेमून दिली. घडी घालून, भिंगं वर करून, तो तिथं बसायचा आणि आमची वाट पाहायचा.

काय पहाटा होत्या त्या! नागपूरचा उन्हाळा ज्यांनी फक्त दुपारचा ऐकला आहे त्यांना त्याची पहाट माहीत नसते. आमच्या वस्तीमागच्या मोकळ्या मैदानावर हवा धुतल्यासारखी असायची, कडुलिंबाच्या मोहराचा वास यायचा, आणि त्यात आमची लाल गाडी गचके खात पुढे सरकायची. आई साडीवर कॅनव्हासचे बूट घालायची. गाडीशी बोलायची. चल बाई, अशी काय करतेस, आता तर बरी होतीस. गाडी बंद पडली की मला वाटायचं ती चिडेल, पण ती स्टिअरिंगवर थोपटायची आणि पुन्हा किल्ली फिरवायची. ज्या दिवशी पहिल्यांदा तिसरा गिअर नीट पडला, त्या दिवशी मैदानाला पूर्ण फेरी मारून झाली तरी ती थांबेना. आणखी एक, आणखी एक. तिच्या खांद्यावरचा पदर वाऱ्यानं उडत होता आणि ती समोर पाहून एकटीच हसत होती. माझी आई मला तोवर स्वयंपाकघराच्या दारात, देवळाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर उभी-बसलेली माहीत होती. वेगात असलेली आई मी प्रथमच पाहत होते.

मावशीला यातलं काही सांगायचं नाही असं तिनं बजावून ठेवलं होतं. फोनवर ती संत्र्यांचं विचारायची, विहिरीचं विचारायची, गाडीचं अवाक्षर काढायची नाही. थेट गाडी घेऊन दारात उभं राहायचं, असा बेत होता. बाबा वरवर नाही नाही म्हणायचे, पण पानठेल्यावर जाऊन सगळ्यांना सांगून आले होते की आमच्या घरी आता ड्रायव्हर आहे.

मग मे लागला. आमच्या गल्लीत झाड नाही. गाडी दिवसभर उघड्यावर उभी. दुपारी तिच्या दाराला हात लावला तर झटका बसल्यासारखा मागे घ्यावा लागायचा. आत विसरलेल्या बाटलीतलं पाणी चहा टाकण्याच्या लायकीचं व्हायचं. आई संध्याकाळी निघण्याआधी स्टिअरिंगवर ओला टॉवेल टाकून ठेवायची, सीटवर चादर घालायची. सगळ्यांची व्यवस्था व्हायची. डॅशबोर्डवरचा चष्मा तेवढा ती उचलायची, दिवसभराची धूळ पदरानं खसाखसा पुसायची आणि डोळ्यांवर चढवायची.

आता आम्ही रस्त्यावर निघत होतो. संध्याकाळी रिंग रोडपर्यंत, परत. एका संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिनं गाडी एकदम कडेला घेतली आणि थांबवली. समोरून ट्रक येत होता. तो निघून गेला. ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, तू चालव. दुसऱ्या पहाटे मी बूट घालून उभी, तर ती उठलीच नाही. डोकं दुखतंय म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पाठ. मग एकदा बाबा पेपर वाचत असताना ती त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "मले नाही जमत. गाडी विकून टाका."

बाबांनी पेपर खाली ठेवला. काहून, असं त्यांनी विचारलंही, पण ती आत निघून गेली होती. ते उठून बाहेर गेले आणि स्वच्छ असलेली गाडी पुन्हा पुसू लागले. पुढचे काही दिवस घरात कूलरचा आवाज तेवढा होता. मला काही केल्या उलगडेना. जी बाई तिसऱ्या गिअरमध्ये लहान पोरीसारखी हसते, ती अशी मधेच उतरून का जाते?

कुरडया गच्चीवर वाळत घातल्या होत्या. सूर्य कलल्यावर आम्ही दोघी त्या गोळा करत होतो. आईच्या डोळ्यांवर घरातला जुना, जड चष्मा. तिनं गल्लीच्या टोकाकडे पाहिलं आणि सहज म्हणाली की बाबा आले, टरबूज आणलंय, आणि चप्पल तुटली वाटतं, एक पाय घासत चालतायत. मी पाहिलं तर मला एक माणूस येतोय इतकंच कळत होतं. तो पार आमच्या फाटकाशी आला तेव्हा दिसलं, काखेत टरबूज आणि डाव्या पायातली चप्पल फरफटत.

माझ्या हातातली कुरडई तशीच राहिली. मी आईला विचारलं, इतकं लांबचं तुला दिसतं, मग गाडीत काय होतं?

ती पालथ्या घमेल्यावर बसली. बराच वेळ बोटांनी साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली. मग तिनं तिच्या वडिलांचं सांगितलं. आजोबांना सुरुवातीला दिव्याभोवती कडं दिसू लागलं होतं, रंगीत. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोरी लग्नाच्या, शेतीचं काम, कशाला उगाच घोर. बाजूचं दिसेनासं झालं तेव्हा मान वळवून पाहू लागले. पुढे एकदा भर बाजारात उभ्या असलेल्या बैलगाडीवर जाऊन आदळले, तेव्हा कुठे घरच्यांना कळलं. काचबिंदू होता. डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. हे सगळं मला माहीत होतं, पण तिच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

"मलेही तसंच दिसून राहिलं, माये," ती म्हणाली. "दिव्याभोवती कडं. समोरून गाडी आली का सगळं पांढरं होते. उद्या कोणाच्या अंगावर घातली म्हणजे?"

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. माझ्या डोक्यात मघाचं टरबूज होतं. मी विचारलं, घरात दिसतं का असं कडं? ती विचार करू लागली. देवापुढच्या समईभोवती? नाही. टीव्हीभोवती? नाही. मग आत्ता, तो बघ खांबावरचा दिवा लागला, त्याच्याभोवती? तिनं मान वर केली. नाही म्हणाली.

मी जिन्यावरून अनवाणी धावत सुटले. गाडी अजून तव्यासारखी होती. डॅशबोर्डवरून चष्मा उचलला तर त्याच्या काड्या हाताला चटका देत होत्या. वर येऊन मी तो मावळतीकडे धरला, तिरपा. हिरवी झाक होती तिथं आता दुसरंच काही होतं. दोन्ही भिंगांवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, केसाहून बारीक भेगांचं जाळं. तळं आटल्यावर तळाची माती तडकते ना, तसं. आणि त्या जाळ्यावरून गोलगोल ओरखडे, पदरानं पुसल्याचे. समोरून पाहिलं तर काही दिसत नव्हतं, नुसतं जरा मळकट वाटत होतं. उजेड आडवा आला की सगळं उमटत होतं.

आईनं जुना चष्मा काढून नवा घातला, खांबावरच्या दिव्याकडे पाहिलं. कडं आलं. काढला, जुना घातला. दिवा साधा, पिवळा, नेहमीचा. पुन्हा नवा. पुन्हा कडं. असं ती कितीदा करत राहिली. शेवटी दोन्ही चष्मे मांडीवर ठेवले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती हसतही होती.

"डोये नाही गेले, माये," ती म्हणाली. "काच गेली."

खाली बाबा टरबूज कापून आम्हाला हाका मारत होते. आम्ही गच्चीवरून इतक्या मोठ्यानं हसत खाली आलो की ते सुरी हातात घेऊन पाहतच राहिले.

दुसऱ्या दिवशी महालात गेलो. दुकानातल्या मुलीनं, तीच डोळे तपासते, भिंग दिव्याखाली धरलं आणि काकू, हा गाडीत ठेवत होता का, असं विचारलं. मग तिनं समजावून सांगितलं. फायबर तापलं की फुगतं, वरचं कोटिंग त्याच्याइतकं ताणलं जात नाही, म्हणून ते तडकतं. बंद गाडी उन्हात उभी असेल तर आत भट्टीच असते. आणि आमच्या हवेतली धूळ म्हणजे बारीक रेतीच, कोरडी पुसली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. आईनं विचारलं, मग पुन्हा जुनी खरी काच घेऊ का, तिच्यावर ओरखडे तर पडत नाहीत. मुलगी म्हणाली, पडतात, पण कमी. मात्र गाडी चालवताना काही लागलं तर ती डोळ्याशीच फुटेल. आईनं क्षणभर विचार केला आणि फायबरच घेतली. मी तिला जपेन, म्हणाली, तिनं मला जपावं. गाडीतून उतरलं की चष्मा डबीत, डबी पर्समध्ये. पुसायच्या आधी गार पाणी. एवढंच.

पण त्या मुलीनं आजोबांचं ऐकल्यावर आम्हाला तसं सोडलं नाही. घरात काचबिंदू असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, काच खराब निघाली म्हणून डोळे तपासायचं टाळू नका, असं ती निक्षून म्हणाली. आम्ही गेलो. डॉक्टरांनी थेंब टाकले, डोळ्यांतला दाब मोजला, आतून पाहिलं. सगळं ठीक होतं. दरवर्षी येत जा म्हणाले. आई बाबांच्या काळ्या छत्रीखालून, पाणावलेले डोळे मिचकावत दवाखान्याबाहेर आली आणि म्हणाली, उद्या पहाटे निघायचं ना मैदानावर?

लायसन्स मिळालं. पाऊस अजून आला नव्हता. जूनच्या तोंडाशी, ऊन अगदी कळसाला पोचलेलं असताना, आम्ही सावनेरच्या रस्त्याला लागलो. आई गाडी चालवत होती, मी शेजारी, बाबा मागं. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबून दिसल्या, तेव्हा बाबा जागच्या जागी सरसावून बसले. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. एका ठिकाणी शेतातून वावटळ उठली, कचरा आणि पाचोळा गरगरत रस्त्यावर आला. आईनं गाडी कडेला घेतली, ती पार होऊ दिली, बाटलीतल्या पाण्यानं चष्मा धुतला, झटकला, फडक्यानं टिपला आणि पुन्हा गिअर टाकला. तिला घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. मी मात्र आनंदानं नुसती फुटत होते.

मावशीच्या अंगणात गाडी उभी राहिली. आई चालकाच्या दारातून उतरली, किल्ली बोटात अडकवून, पदर सावरून, दाराशीच उभी राहिली. मावशी घरातून बाहेर आली. आईचा तो बेत, ते गुपित, सगळं या क्षणासाठी होतं. मावशीनं कपाळावर हात धरून सरळ आईकडे पाहिलं आणि विचारलं, पाहुणे आले का? गाडी कुठे लावली? पाहुणे म्हणजे बाबा, आणि लाल गाडी तर तिच्यासमोर चार पावलांवर उभी होती.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. आत गेलो. मावशीनं पन्हं आणलं. ग्लासात ओतताना तिनं एक बोट कडेवरून आत सोडलं होतं, पन्हं कुठवर आलं ते कळावं म्हणून. आई ते बोट पाहत होती.

"कमलताई, केव्हापासून?" तिनं विचारलं.

मावशीनं आधी वयावर ढकललं, मग उन्हावर. दोघी बहिणी एकाच माणसाच्या लेकी. कुणाची भीती कुठून आली ते विचारायची गरज नव्हती. आईनं आपली काहीच कथा सांगितली नाही. उठली, मावशीच्या खुंटीवरची पिशवी काढली, तिची दोन लुगडी त्यात भरली आणि म्हणाली, चल, बस गाडीत, नागपूरला डोळे दाखवू.

पुढचं आधीच सांगून टाकते. मावशीचा मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. काचबिंदू नव्हता. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं एकामागून एक झाली आणि आता ती संत्र्याच्या झाडावरची कीड आमच्याआधी पाहते.

पण मला सगळ्यांत आवडतो तो त्या दुपारचा परतीचा रस्ता. मावशीला पुढे बसवलं होतं, मी आणि बाबा मागं. ती पिशवी मांडीवर धरून, अंग चोरून बसली होती. सावनेर मागे पडलं. गरम वारा खिडकीतून आत येत होता. कोणी बोलत नव्हतं. तेवढ्यात बाबांना खोकला आला. मावशीनं मान वळवली.

"पाहुणे, तुम्ही मांगं बसले?" ती म्हणाली. "मंग गाडी कोण चालवून राहिलं?"

"मी, ताई," आई म्हणाली.

मावशीनं हात पुढे केला. गिअरवरचा आईचा हात तिला सापडला. तिनं त्या बांगड्या चाचपल्या, मनगट चाचपलं, कोपरापर्यंत हात फिरवला. मग ती सीटवर ताठ बसली, पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला आणि समोर, तिला न दिसणाऱ्या त्या रस्त्याकडे तोंड केलं.

"मंग इतकी हळू काहून घेऊन राहिली वं?" ती म्हणाली.